लोटन फिटरची फळी

कार्यक्रम कुठलाही असो, लोटन स्टेजवर चढला की आधी गुडघे टेकून बसायचा. सतरंजीची सुरकुती हाताने काढायचा, खाली खडा नाही ना ते चाचपायचा आणि मगच बगलेतली फळी खाली ठेवायचा. फळी सागाची होती, हातभर रुंद. तिच्यावर गिटारचा आवाज बदलणाऱ्या इफेक्टच्या पेट्या एका रांगेत स्क्रूने बसवलेल्या. गिटार पेटीतून बाहेर निघायची ती यानंतर.

"लोटनभाऊंनी पाट मांडला," ढोलकीवाला म्हणायचा. "आता आरती झाल्याशिवाय सुरुवात नाही."

"तुझी ढोलकी एका थापेत बोलते रे," लोटन मान वर न करता म्हणायचा. "माझा आवाज चार घरं मागून येतो. एका घरात दार लागलं की संपलं."

लोटन निंबा महाले धुळ्याच्या एका जिनात फिटर होता. कापसातली सरकी वेगळी काढायचा तो कारखाना. दिवाळीनंतर जिन सुरू व्हायचं आणि उन्हाळा लागला की थांबायचं. चालू असताना यंत्रांची रांग अशी धडधडायची की शेजारी उभ्या माणसाशी बोलायला त्याच्या कानात तोंड घालावं लागे. त्यामुळे तिथली माणसं हातानेच बोलत. पंजा खाली दाबला की सावकाश, मूठ वळली की बंद. लोटनचं काम त्या रांगेत फिरायचं. चामड्याचे रूळ घासले की बदलायचे, सुऱ्यांना धार लावायची, पट्टे ताणायचे. पट्टा सैल आहे की नाही हे तो हात न लावता, नुसत्या आवाजावरून सांगायचा. शेठ मांगीलाल त्याला त्यासाठीच राखून होते.

गिटार त्याने तरुणपणी भुसावळला मामाकडे राहताना शिकून घेतली, रेल्वेतल्या एका माणसाकडून. बोटांना घट्टे पडेपर्यंत घरी तारा दाबत बसायचं, घट्टे पडले की शिकायला यायचं, अशी त्या माणसाची अट होती. लोटन घट्टे घेऊन गेला. पुढे धुळ्याला आल्यावर अभयकुमारच्या ऑर्केस्ट्रात लागला. अभयकुमार जळगावच्या कापड दुकानदाराचा मुलगा. दुकानात बसणं त्याला जमेना, म्हणून बापाने वैतागून दिलेल्या भांडवलावर त्याने ऑर्केस्ट्रा काढला होता. कीबोर्ड तो स्वतः वाजवायचा आणि तारखाही तोच घ्यायचा. लग्नाचा हंगाम जिन बंद झाल्यावर येई, त्यामुळे लोटनची दोन्ही कामं एकमेकांच्या फारशी आड येत नसत.

गिटार मात्र लोकांना ऐकू जात नव्हती. लाकडी पोकळ पेटीची गिटार, ढोलकी आणि कीबोर्डपुढे तिचं काय चालणार? समोर माईक ठेवला तर स्पीकर घुमू लागे. मग लोटनने गिटारच्या आत, तारा जिथे लाकडाला येऊन मिळतात तिथे, तारांचा कंप टिपणारी, नाण्याएवढी पिकअपची चकती मेणाने चिकटवली. आवाज स्पीकरमधून आला, पण पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा. आणि घुमणं राहिलंच. ते थांबवायला त्याने जिनातली रुई फडक्यात बांधून गिटारच्या पोटात कोंबली. जास्त कोंबली तर गिटार मुकी होई, कमी झाली तर पुन्हा घुमे. मूठभर काढून, चिमूटभर घालून त्याने तिचं माप बसवलं.

मग पेट्या आल्या. एका हंगामात एक, त्याहून घाई नाही. पहिली इक्वलायझर, म्हणजे आवाजातला जाड भाग आणि बारीक भाग वेगवेगळा वरखाली करणारी. मग कोरस, एका गिटारीच्या दोन वाजताहेत असं भासवणारी. मग पडसाद उठवणारा इको. आणि पायाने दाबायचा व्हॉल्यूम.

पेट्या घेणं सोपं होतं. त्यांचा क्रम लावणं अवघड. त्याने आधी इको पुढे लावला आणि बाकीच्या मागे. त्यामुळे प्रत्येक पडसाद कोरसमध्ये जाऊन हेलकावे खाऊ लागला. व्हॉल्यूम शेवटी लावला तर पाय उचलताच इकोचं शेपूट तुटायचं. उन्हाळ्यातले रविवार लोटन जिनाच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये फळी उलटसुलट करत बसला. वायरी त्याने स्वतः कापल्या, टोकं घासून स्वच्छ करून डाग दिले. बाजारातली वायर त्याला पटत नसे. शेवटी त्याला जिनातलाच हिशेब पटला. आधी काडीकचरा काढायचा, मग रुई मोकळी करायची, दाबून गाठ बांधायची ती सर्वांत शेवटी. म्हणून इक्वलायझर पहिला, मग कोरस, मग व्हॉल्यूम आणि शेवटी इको. पेट्या सरकू नयेत म्हणून त्यांच्याखाली रुळाच्या घासलेल्या चामड्याचे तुकडे घातले. त्यानंतर फळी हलली नाही.

इकोवर लोकांचा फार जीव. गावोगावी पहिलं गाणं संपलं नाही तोच मांडवातून हाळी येई, "इको सोडा, इको!" पडसाद घुमला की ऑर्केस्ट्रा भारी, असं लोक धरून चालत. लोटन पायाने बटण दाबी आणि माणसं खूश होत.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आसोद्याला एक लग्न होतं. लोटनला मधे एकट्याला वाजवायचं होतं. वाजवताना त्याला दिसलं की पुढे बसलेल्या बायांनी पदर कानावर घेतले आहेत. त्याला वाटलं, वारं सुटलंय. वाजवून झाल्यावर अभयकुमार जवळ आला.

"लोटनभाऊ, बारीक आवाज कमी करा. फार टोचतोय."

"टोचतोय? मला तर आज पोत्यात घातल्यासारखा येतोय."

"अहो, त्या बायांनी कान झाकले!"

लोटनने इक्वलायझरवरची बारीक आवाजाची खुंटी खाली केली. तारांचा सगळा जीवच गेला असं त्याला वाटलं. दुसऱ्या गाण्याला त्याने ती हळूच पुन्हा वर नेली. तिसऱ्या गाण्याला मांडवात एक लहान मूल रडायला लागलं.

त्या हंगामात असं आणखी काही ठिकाणी झालं. शेवटच्या लग्नानंतर अभयकुमारने त्याला चहाला नेलं. कपातली साखर तो ढवळत राहिला. मग म्हणाला, "नवा कीबोर्ड घेतलाय, त्यात गिटारचा आवाज आहे. खरा नाही, पण टोचत नाही."

"म्हणजे मी नको."

"तसं मी कुठं म्हणालो? श्रावणात शिरपूरला भिकुबाईंचा कार्यक्रम ठेवलाय. कानबाई देवीची गाणी. रविवारी दुपारी, हॉलमध्ये. ढोलकी नाही, कीबोर्ड नाही. बाईंचा आवाज आणि तुमची गिटार, एवढंच. तो नीट झाला तर पुढच्या हंगामात तुम्ही आहात. नाही झाला तर मला दुसरा विचार करावा लागेल. तुमच्यापासून लपवून काही करणार नाही, म्हणून आताच बोललो."

लोटनने कपातला चहा तसाच ठेवला.

दोष पेट्यांत असणार याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याने इक्वलायझर उघडला. आतली धूळ ब्रशने काढली, डाग तपासले. सेल बदलले, तारा बदलल्या, चकतीखालचं जुनं मेण खरवडून नवं लावलं. वायर एकेक काढून दुसरीला जोडून पाहिली. कामात त्याने कुठे कसूर ठेवली नाही. सगळं ठीक होतं, आणि तरी अभयकुमारला ऐकवलं की तो तोंड वाकडं करायचा.

एका सकाळी लोटन ओसरीत फळी मांडीवर घेऊन बसला होता. बायको कुंदाबाई आतून भाकरीचं पीठ लागलेल्या हातानेच बाहेर आली.

"तुमनं घड्याय वाजी राहिनं. बंद करा ना."

"कोनतं घड्याय?"

"हातमानं. दुसरं कोनतं?"

लोटनने मनगटाकडे पाहिलं. आकड्यांचं डिजिटल घड्याळ, त्यात गजर होता. "त्यानी घंटी तं कवयनी बिघडेल शे," तो म्हणाला. "वाजस नही."

"रोज सकायले वाजस. माले वाटे, तुमले आवडस."

लोटनने घड्याळ काढून कानाला लावलं. काही नाही. त्याने बटणं दाबून गजर पुन्हा लावला आणि घड्याळ कुंदाबाईच्या हातात दिलं. काही वेळाने तिने मान डोलावली. वाजतंय. त्याने ते घेऊन कानावर दाबून धरलं. त्याचा दुसरा हात फळीवरच्या खुंटीवर होता. तो तिथेच राहिला.

जिनातल्या जुन्या माणसांना कमी ऐकू येतं हे त्याला माहीत होतं. सगळे ओरडून बोलतात, घरी बायका कंटाळतात, त्यावर थट्टा चालते. पण त्याला बोलणं ऐकू येत होतं. पट्टा सैल झालेला कळत होता. त्याचा कान गेला असं तो कशावरून म्हणणार? गेले होते ते फक्त बारीक आवाज, वरचे. आणि जे त्याला ऐकू येत नव्हतं ते ऐकू यावं म्हणून तो खुंटी चढवत होता. ते सगळं समोरच्या बायांच्या कानात जात होतं.

तो फळी आत ठेवून आला. संध्याकाळी कुंदाबाईला म्हणाला, "रविवारी गोडाऊनला चाल. तुले बसनं शे."

"माले? काय कराले?"

"ऐकाले."

शेठ मांगीलालनी किल्ली दिली. गोडाऊन रिकामं होतं, बाहेर पाऊस. भिंतींवरून आवाज उलटून येऊ नये म्हणून लोटनने बारदानाची पोती दोऱ्यांवर टांगली. एका टोकाला स्पीकर लावून त्यामागे स्वतः बसला आणि कुंदाबाईला दुसऱ्या टोकाला पोत्यांच्या थप्पीवर बसवलं, जिथे ऐकणारे बसतात तेवढ्या अंतरावर. तो वाजवी आणि विचारी.

"चांगलं शे," ती म्हणाली.

खुंटी फिरवून तो पुन्हा वाजवी.

"हाई बी चांगलं शे."

लोटनने गिटार बाजूला ठेवली. "चांगलं म्हनू नको. माले तुनी दया नको. टोचस का नही, तितलं सांग."

कुंदाबाई थोडी रागावली, आणि मग खरं बोलायला लागली. "टोचस. कढईमा उलथनं खरडतस ना, तसं."

त्याने खुंटी उतरवली. "आते?"

"सुपमा खडा पाखडतस तसं."

अजून उतरवली.

"आते जमनं. शेजारनी बाई हळू गाई राहिनी, तसं लागस."

लोटनने त्या जागेवर वाजवून पाहिलं. त्याला गोधडीखालून वाजवल्यासारखं ऐकू आलं. तारेवर नख लागल्याचा आवाज नाही, बोट सरकल्याचा नाही. एवढ्या वर्षांची मेहनत, आणि हा असला मेलेला आवाज! तो भडकला.

"तुले काय समजस गिटारमा?"

"गिटारमा काय बी समजस नही," कुंदाबाई तिथूनच म्हणाली. "मन्हा कान दुखतस ते समजस."

त्या रविवारी ते एवढ्यावरच उठले. पुढच्या रविवारी लोटननेच विषय काढला. इतक्या लांबून तिचं नीट ऐकू येईना, तेव्हा त्याने तिला जिनातल्या हाताच्या खुणा शिकवल्या. तिला त्यातल्या बऱ्याच आधीच येत होत्या. जेवताना भाजी नको असेल तर तो मूठच वळायचा. मग काम भराभर होऊ लागलं. ती पंजा दाबी, तो खुंटी उतरवी. त्याच्या मनाविरुद्ध, प्रत्येक वेळी.

श्रावण लागण्याआधी भिकुबाई तालमीला आल्या. शिरपूरकडच्या, शेतात राबलेल्या, आता नातवंडं सांभाळणाऱ्या. गाणी त्यांना आईकडून मिळालेली. माईकपुढे उभ्या राहून त्यांनी एक ओळ म्हटली आणि थांबल्या. मागे वळून पाहिलं.

"मन्हा मांगे कोन म्हनी राहिनं?"

लोटनने आपली गिटार आणि त्यांचा माईक, दोन्ही इकोतून सोडले होते. "कोनी नही अक्का. तो इको शे. लोकेसले आवडस."

"मी एक डाव म्हनस, हाई पेटी दोन डाव म्हनस. मन्हा सबद मन्हाच सबदवर पडतस. देवीनं नाव बी धड निंघत नही."

"अक्का, इकोबिगर लोके म्हनतीन, आवाजच नही."

"भाऊ, कानबाई काय बहिरी शे का?"

कुंदाबाई पोत्यांवर बसून हसली. लोटनला हसू आलं नाही. त्याने इको बंद केला. भिकुबाई पुन्हा म्हणाल्या. शब्द सुटे आले, आणि दोन शब्दांच्या मध्ये त्यांचा श्वास ऐकू आला. त्या श्वासात गिटारला जागा होती. ती त्याने आजवर इकोने भरून टाकली होती. कोरस त्याने थोडा ठेवला, बाईंच्या आवाजाला टेकू म्हणून. मग पेचकस घेतला आणि इकोच्या पेटीचे चारही स्क्रू काढले. बंद ठेवून चाललं असतं. पण मांडवातून हाळी आली की पाय आपोआप बटणाकडे जातो, हे त्याला माहीत होतं. फळीवर एक मोकळी जागा राहिली. तिच्या लाकडाचा रंग बाकीच्या फळीहून ताजा होता.

कानबाई उठली, म्हणजे तिचं विसर्जन झालं, त्यानंतरच्या रविवारी दुपारी शिरपूरचा हॉल भरला. बायाच जास्त. कार्यक्रमाआधी हॉल रिकामा असताना कुंदाबाईने तिसऱ्या रांगेत बसून खुंट्या लावून दिल्या होत्या. अभयकुमार दारापाशी उभा होता. खिशातला रुमाल तो सारखा काढत होता आणि परत ठेवत होता.

भिकुबाईंनी सुरुवात केली. लोटनने तारा छेडल्या. माणसं भरल्याने आवाज आणखी दबला होता. गोडाऊनमध्ये गोधडी होती, इथे गादी. आपण वाजवतोय हे बोटांना कळत होतं, कानाला जेमतेम. पहिल्या गाण्याच्या मध्येच मागून हाळी आली, "ओ मास्तर, इको सोडा ना!" त्याचा पाय गेला आणि मोकळ्या लाकडावर पडला. चार-दोन जण हसले. भिकुबाई गात राहिल्या.

दुसऱ्या गाण्याला त्याला राहवेना. दोन ओळींच्या मधल्या वेळात त्याने वाकून उजवा हात खाली नेला आणि खुंटीला बोट लावलं. एवढीशी वर केली तर काय होईल? हॉल भरलाय, आवाज दबलाय, कुंदाने रिकाम्या हॉलमध्ये लावलं होतं ते आता कसं चालेल? हिशेब बरोबर होता. फक्त किती वर करायची हे सांगणारा कान त्याच्याकडे नव्हता. त्याने तिसऱ्या रांगेत पाहिलं. कुंदाबाईने एखादी खूण करावी, पंजा वर, पंजा खाली, काहीतरी.

कुंदाबाई त्याच्याकडे पाहतच नव्हती. तिचे डोळे भिकुबाईंकडे होते आणि ओठ हलत होते. शेजारच्या बाईचेही. त्यांच्या मागच्या रांगेचेही. कोणाचाही पदर कानावर नव्हता. भिकुबाईंनी ओळ अर्धी सोडली आणि उरलेली अर्धी हॉलने म्हटली. एवढ्या बायांचा तो जाड आवाज लोटनला स्वच्छ ऐकू आला.

त्याने बोट खुंटीवरून काढलं. ती ओळ संपायच्या आत हात तारांवर परत यायला हवा होता, तो आला. मग त्याने स्वतःची गिटार ऐकायचा प्रयत्न सोडला. भिकुबाई श्वास घ्यायला खांदे उचलत ते पाहायचं आणि त्या जागेत वाजवायचं. ताकद नेहमीइतकीच लावायची, कमी ऐकू येतं म्हणून तारा ओरबाडायच्या नाहीत. ते सर्वांत कठीण गेलं. कार्यक्रम संपेपर्यंत त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

लोक उठल्यावर बाया भिकुबाईंच्या भोवती जमल्या. गिटारबद्दल त्यांच्यातली एकही काही बोलली नाही. लोटन फळी पुसत बसला. कुंदाबाई वर आली.

"कसं वाटनं?" त्याने विचारलं.

"काय? गानं?"

"गानं नही. गिटार."

कुंदाबाई गोंधळली. "गिटारकडे ध्यान कोठे व्हतं मन्हं? मी तं बायासनासंगे गानं म्हने."

लोटनला राग आला. तेवढ्यासाठी तिला धुळ्याहून आणलं होतं, एवढे रविवार पोत्यांवर बसवलं होतं, आणि ती गाणं म्हणत बसली! तो काही बोलणार तोच त्याच्या लक्षात आलं की टोचलं असतं तर तिचं गाणं थांबलं असतं. त्याने वायर कोपरावर गुंडाळायला घेतली. गुंडाळली, सोडली, पुन्हा नीट गुंडाळली.

"नाराज व्हयनात का?" तिने विचारलं.

"नही. ते टोक धर."

अभयकुमार आला. रुमाल आता खिशातच होता. "एकानेही तक्रार केली नाही, लोटनभाऊ," तो म्हणाला. "मी अगदी मागे उभा राहून ऐकलं. बाईंचा शब्द न् शब्द पोचला."

"गिटार पोचली का?"

"पोचली म्हणजे... वेगळी नाही जाणवली. बाईंच्या आवाजाखाली होती. नसती तर कळलं असतं." त्याने तारखांची वही काढली. "दिवाळीनंतर चोपड्याला एक लग्न आहे. मोठं आहे, सगळा ऑर्केस्ट्रा लागेल. तुम्हाला धरू ना?"

जिन तेव्हा नुकतं सुरू झालेलं असणार, सुट्टी काढावी लागणार. लोटन एरवी अशा वेळी लगेच हो म्हणायचा, सुट्टीचं मागून बघायचा. आता त्याने फळी बगलेत घेतली आणि कुंदाबाईकडे पाहिलं. ती खालच्या पायरीवर बसून चपला शोधत होती.

"थांबा अभयशेठ," तो म्हणाला. "हिला यायला जमतंय का, ते आधी विचारतो."